मागच्या ब्रेकची नळीच नव्हती

मंडळी, माझा राग अजून उतरलेला नाही.

मालकांनी लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जुन्या ट्रकवर मी नुकताच ड्रायव्हर लागलो. आज आर्वीहून कापूस भरून निघालो, वर मजूर बाया बसलेल्या. उतारावर ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना. शेवटी वावरात घातली, तेव्हा थांबली.

खाली शिरून पाहिलं. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळीच नव्हती. तेल गळू नये म्हणून जोडाचं तोंड ठोकून बंद केलेलं.

फोन केल्यावर मालक आले नि म्हणाले, "मले माहीत हाय. पुढचे ब्रेक हायेत ना? काऊन बोंबलून राह्यला?"

मी नवी नळी बसवली, ब्रेकचं तेल भरलं, नळीतली हवा काढली. मग म्हटलं, "त्याच उतारावर गाडी नेऊन पाहतो, मालक. तुमी वर बसा."

"मले काम हाय," म्हणत ते निघून गेले.

बायांना वर बसवताना यांना काहीच वाटलं नाही? अशा माणसाची गाडी तुम्ही चालवाल का?