तिसऱ्या ओळीतला आकडा

आतोकच्या डोंगरउतारावर कोबी लावणाऱ्या लोकांत जानेवारीत सातुर्निना दोलिंता हिच्या शब्दाला मोठा मान असे. उजाडायच्या आधी तिच्या खिडकीत दिवा लागला की खालून कोणीतरी हाक मारी, "सातुर्निना, किती?" तिने "पाच" म्हटलं की लोक पुन्हा पांघरुणात शिरत. "दोन" म्हटलं की पाण्याचे पाइप घेऊन वाफ्यांकडे धावत. ऊन पडायच्या आत पानांवरचं हिव धुऊन काढलं नाही, तर कोबी उकडल्यासारखा काळवंडतो.

तापमानाचे हे आकडे बाहेर टांगलेले सेन्सर पाठवत, आणि तिला ते स्वयंपाकघरातल्या छोट्या यंत्रावर दिसत. पहिली ओळ अंगणाची, दुसरी खालच्या वाफ्याची. तिसरी नवऱ्याची.

वासिंग अडीच वर्षांपूर्वी तिसरा सेन्सर खिशात घालून बटाट्याच्या शेतात टांगायला निघाला आणि दारातच कोसळून गेला. आत गारठा लागू नये म्हणून तिनेच त्याच्या अंगातलं लोकरी जाकीट तसंच ठेवलं आणि वरून घोंगडी गुंडाळली. खिसे कोणीच तपासले नाहीत. घरामागच्या सिमेंटच्या थडग्यात त्याला ठेवून आल्यावर तिसऱ्या ओळीत चौदा आकडा दिसला, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. त्याची झोप मोडायला नको म्हणून ती गप्प राहिली. पावसात चौदा, उन्हात चौदा. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत लागलेल्या सवयीने ती रोज पहाटे तिन्ही आकडे वहीत उतरवी.

यंदा डिसेंबरात दुसरी ओळ मधूनमधून कोरी पडू लागली. त्याच सुमारास तिसरी उतरू लागली. तेरा, अकरा, नऊ.

ती खाली ला त्रिनिदाद गावात यंत्रांच्या दुकानात गेली. मालकीण तिओंगबाईने दोन खोकी पुढ्यात ठेवली.

"हे घ्या, मावशी. शंभर मीटरवरून पकडतं. वाफा किती लांब?"

"नव्वद पावलं."

"मग हेच. हे दुसरं तीस मीटरच्या पुढे मान टाकतं."

"जुना सेन्सर चालेल?"

"लांबच्याला नाही चालणार. जवळच्याला चालेल, तुमच्या जुन्या यंत्राच्याच कंपनीचं आहे. पण एकदा सेन्सर हातात घेऊन त्याचं बटण दाबावं लागेल. आहे कुठे तो?"

"घरामागे. पंधरा पावलांवर."

"मग सोपंय! बॅटरी कधी बदलली होती?"

"अडीच वर्षांत नाही."

तिओंगबाई खो खो हसली. "मावशी, वर्षभरसुद्धा जात नाही ती!" मग सातुर्निनाच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं हसणं थांबलं, आणि ती उगीचच खोकी आवरू लागली.

सातुर्निना रिकाम्या हाती परतली. जुनं यंत्र आता फार दिवस टिकणारं नव्हतं, आणि पैसे एकाच नव्या यंत्रापुरते होते. जवळचं यंत्र घेतलं तर वासिंग राहील, पण खालचा वाफा मुका होईल, आणि हिव पहिल्यांदा उतरतं ते तिथेच. लांबचं घेतलं तर तेरा घरांचा कोबी वाचेल, पण वासिंग गेला तो गेलाच. घरी तिसऱ्या ओळीत सहा होते. अंगणात तेव्हा अकरा होते.

धाकटा दीर बायास चुलीपाशी बसला होता. यंत्राकडे पाहून त्याने चुळबुळ केली.

"वहिनी, दादा कुडकुडतोय."

"यंत्र जुनं झालंय, भावजी."

"मग वहीत कशाला लिहितेस? लोकांचे मेलेले स्वप्नात येऊन घोंगडी मागतात. आमचा दादा जिवंतपणी चार शब्द बोलला नाही, स्वप्नात काय बोलणार? आकडे पाठवतोय बिचारा."

तिला हसू आलं, आणि लगेच उठून तिने पेटीतून नवी घोंगडी काढली.

रविवारी रिवाजाप्रमाणे डुक्कर कापलं, तांदळाची दारू शिंपडली आणि थडग्याचं तोंड उघडलं. आत पाणी झिरपलं होतं. घोंगडी ओलीचिंब होती. बायासने खिशात हात घातला आणि सेन्सर तिच्यापुढे धरला.

"घे. दाब बटण, आणि ते जवळचं यंत्र आण. कोबीचं बघू काहीतरी."

तिने मागचं झाकण काढलं. बॅटऱ्या फुटून त्यांची पांढरी भुकटी झाली होती. पत्र्याच्या पट्ट्या गंजून गळून पडल्या होत्या.

"कधी संपल्या असतील?" बायासने हळूच विचारलं.

"केव्हाच्याच."

तिने झाकण लावलं, सेन्सर परत खिशात ठेवला आणि नवी घोंगडी दोन्ही खांद्यांखाली नीट खोचली.

"कोबीकडे बघायला हवं," ती वासिंगला म्हणाली. "तुला काय सांगायचं, तुला कळतंच."

संध्याकाळी तिसऱ्या ओळीत एकोणीस होते.

दुसऱ्या दिवशी ती लांबचं यंत्र घेऊन आली. अंधार पडल्यावर बायासने खालच्या वाफ्यात नवा सेन्सर टांगला. नव्या यंत्रावर आकडा स्वच्छ उमटला, चार, आणि तिने तो खिडकीतून ओरडून सांगितला. "पकडला गं, वहिनी!" तो खालून ओरडला आणि पहाटेच्या तयारीला पाइप जोडायला गेला.

मग तिने जुनं यंत्र भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या बॅटऱ्या काढल्या. पहिली ओळ विझली. दुसरी विझली. तिसरी राहिली.

एकोणीस.

सातुर्निनाने बॅटऱ्या ओट्यावर ठेवल्या, खुर्ची ओढली, आणि तो जाईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली.