रामाचे चार पाय

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या कारखान्यात मी तोफगोळ्यांची मापं तपासत असे. एका संध्याकाळी ब्लॅकआउटमध्ये सायकलवरून पडलो, डोकं आपटलं. टेंगूळ चार दिवसांत ओसरलं, पण मापाकडे खाली पाहिलं की एका रेघेच्या दोन दिसू लागल्या, एकीवर एक. समोर पाहिलं की सगळं ठीक. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाकासमोर बोट धरलं, "कितने?" मी म्हणालो, "एक." संपली तपासणी! फोरमन म्हणाला, "लड़ाई के टाइम में बहाना?" चुकीचा गोळा पास झाला तर सीमेवर कुणाच्या तरी मुलाचा जीव जाणार, आणि काम नाकारावं तर मी कामचोर.

शेवटी बायकोने राममंदिरात नेलं. आमच्याकडे दर्शन आधी पायांचं, मग नजर वर मुखाकडे न्यायची. गाभाऱ्याशी उभं राहून खाली पाहिलं, तर काय! रामरायाला चार पाय! मुख मात्र एकच, नेहमीचं हसरं. वाटलं, आपलं कुठलं तरी पाप भोवतंय. मान डाव्या खांद्याकडे कलती करून कसेबसे चाराचे दोन केले आणि हात जोडले.

"भाऊ, मान अशी वाकडी काहून धरून राहिले?" मागे एक बाई उभ्या होत्या. मी चिडूनच म्हणालो, "सरळ धरली की देवाले चार पाय होतात!"

त्या हसल्या नाहीत. नागपूरहून बहिणीकडे आलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई निघाल्या. ओट्यावर बसवून त्यांनी बोट वर, खाली, बाजूला फिरवलं. म्हणाल्या, "डोळा खाली नेणाऱ्या एका स्नायूची नस मारानं दुबळी झाली, भाऊ. समोर दोन्ही डोळ्यांची जोडी जमते, खाली पाहिलं की मोडते. बहुतेक आपोआप भरून येईन." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दवाखान्यात आल्या आणि डॉक्टरांना बोट खाली न्यायला लावलं. या वेळी मी म्हणालो, "दो." बरं होईपर्यंत मला मापांपासून दूर, दुसरं काम मिळालं. फोरमन म्हणाला, "पहले बोलना था न, भैया!" जणू मी इतके दिवस भिंतीशी बोलत होतो.

काही महिन्यांनी एका सकाळी मंदिरात मान सरळ ठेवून खाली पाहिलं. पाय दोनच. मी तिथेच लहान मुलासारखा रडलो.

त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांना कुणी धाडलं, हा वाद मी घालत नाही. एवढंच कळतं की मुखाकडे पाहून मागत राहिलो असतो तर माझं दुखणं कुणालाच दिसलं नसतं. पायांशी वाकलो, तिथेच ते उघडं पडलं. आजही आधी पायच पाहतो. दोनच आहेत ना, तेवढं बघून घेतो, आणि मग मागायचं काही उरत नाही.