पालथ्या झोपलेल्या अण्णाला उठवून बसवणाऱ्यांनो

आज दुपारी कंग्राळीत आमच्या घरी जे झालं, ते लिहिल्याशिवाय माझा राग उतरणार नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन करून बसवला, तर जखम भरताना धरते तशी कडक साय त्यावर धरली आणि तिनं पडदा परत ओढून काढला. परवाच्या दुसऱ्या ऑपरेशनात डॉक्टरांनी ती साय बारीक चिमट्यानं सोलली आणि डोळ्यात गॅस भरला. गॅस वर चढतो, म्हणून अण्णानं तोंड खालीच ठेवायचं. तरच गॅस डोळ्यातल्या मागच्या पडद्याला दाबून धरतो.

आज संकेश्वरहून मामा-मामी भेटायला आले. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं.

मामी म्हणाली, "एवढ्या लांबनं आलोय, तोंड तरी दाखव की रं."

मी चहा ठेवायला आत गेले. परत येऊन बघते तर अण्णा उशीला टेकून सरळ बसलेला, कपाळाला अंगारा, आणि मामा हात नाचवत विचारतायत, "किती बोटं हायत, सांग बघू."

मी ओरडले. मामा चहा न घेता निघून गेले.

अण्णा पालथा होत म्हणाला, "मामा समोर उभारल्यावर पडून कसं ऱ्हायचं गं?"

आता सगळ्या पावण्यांत माझ्याच तोंडाची चर्चा चाललीय. चालू दे. पडदा परत सुटला तर तुम्ही परत भेटायला येणारच. तेव्हा अण्णानं तुमची बोटं कशानं मोजायची, तेवढं सांगा.