डोकं तात्यांच्या ताब्यात

गेनूतात्यांनी पहिल्या भेटीतच आमच्या खासदारसाहेबांच्या तोंडात कापड दिलं होतं. मी तिथंच उभा होतो, एका हातात दौऱ्याचा कागद आणि दुसऱ्या हातात दोन नारळ घेऊन, आणि मला काहीही करता आलं नाही.

मी तेव्हा साहेबांच्या बारामतीच्या कार्यालयात स्वीय सहायक होतो. लोक पीए म्हणायचे. माझं मुख्य काम म्हणजे साहेबांना एका गावातून उठवून दुसऱ्या गावात नेऊन बसवणं. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. खासदार आले की गावाला आधी सत्कार करायचा असतो. शाल, श्रीफळ, फेटा, हार. मग तरुण मंडळाचा वेगळा हार, सोसायटीचा वेगळा, आणि सोसायटीतून फुटलेल्यांचा त्याहून मोठा. गाऱ्हाणी सांगायची पाळी येईपर्यंत साहेब गाडीत बसलेले असत. वेळ वाचावा म्हणून मी डिकीत तयार फेटे ठेवायचो. डोक्यावर ठेवला, फोटो काढला, पुढचं गाव.

सणसरच्या पुढं रस्त्याला लागून एक लहान गाव आहे. तिथं मारुतीच्या देवळापुढं मी असाच एक तयार फेटा काढला, तर गर्दीतून एक उंच, काटकुळा म्हातारा पुढं आला आणि त्यानं तो माझ्या हातातून काढूनच घेतला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर असा झोकदार फेटा होता की बाकीचं शरीर त्या फेट्याला आधार म्हणून दिल्यासारखं वाटत होतं.

"ह्यो काय फेटा हाय?" तो म्हणाला. "ह्यो दुकानातल्या बाहुल्याला घालत्यात. माणसाला फेटा बांधायचा असतो. बसा साहेब. टोक दातात धरा. आता दात उघडायचे न्हाईत आन् मान हलवायची न्हाय, न्हायतर पीळ बसत न्हाय."

साहेब गुमान बसले. मग तात्यांनी गर्दीकडं वळून शांतपणे सांगितलं, "हां, बोला आता. ज्याला जे सांगायचं ते सांगून घ्या. साहेब ऐकत्यात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साहेब बोलायला उभे राहिले की भल्याभल्यांना आवरायचे नाहीत. त्या माणसाला आज 'बघतो, सांगतो, करू' यातला एकही शब्द उच्चारता येत नव्हता. उठता येत नव्हतं, फोन घेता येत नव्हता, नकाराची मानसुद्धा हलवता येत नव्हती. आणि तात्या तर निवांत होते. पीळ देत, उलगडत, पुन्हा देत होते. मी घड्याळ दाखवलं तर म्हणाले, "पीएसाहेब, फेट्याला घाई चालत न्हाय. मान त्यांची हाय, पन आत्ता माझ्याकडं हाय."

गाऱ्हाणी तरी कसली! एकाची म्हैस कारखान्याचा भोंगा वाजला की पान्हा सोडायची. भोंगा बंद झाल्यापासून तिची वेळ चुकली होती, तर साहेबांनी तो पुन्हा सुरू करायला सांगावं. एका आजीबाईंचं म्हणणं, फोन लागला नाही की जी बाई हिंदीत बोलते तिला दिल्लीत गाठून मराठी शिकवावं. एकाला बारामती-दौंड रेल्वे थोडी वळवून गावावरून न्यायची होती, कारण त्याची सासुरवाडी दौंडची. प्रत्येक गाऱ्हाण्यानंतर तात्या साहेबांच्या चेहऱ्याकडं बघायचे आणि जाहीर करायचे, "साहेब न्हाय म्हनले न्हाईत." लोक टाळ्या वाजवायचे. साहेबांचे डोळे माझ्याकडं लागलेले, आणि मी नारळांकडं बघत होतो.

शेवटी फेटा झाला. तो इतका देखणा झाला होता की साहेबांना रागावताच येईना. तात्यांनी आरसा धरला, मान तिरकी करून डोकं न्याहाळलं आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "साहेब, डोकं मागनं चपटं हाय तुमचं. ल्हानपनी आईनं कूस बदलून झोपवलं न्हाय." गाडीत बसल्या बसल्या साहेबांनी आईसाहेबांना फोन लावला आणि खरंखोटं करून घेतलं. आईसाहेबांनी फोन आपटला.

त्यानंतर तात्यांना आसपासच्या गावांतून बोलावणी यायला लागली. साहेबांचा दौरा ठरला की आधी तात्यांना गाडी जायची. कळंबला तर लोक त्यांना खाट टाकून देत आणि भोवती बसून आपापल्या गाऱ्हाण्याचा नंबर लावून घेत. तात्या गाऱ्हाणं ऐकून फेटा ठरवायचे. विजेचा खांब वाकला असेल तर साधा फेटा, कालव्याच्या चारीचं पाणी असेल तर भरपूर पिळांचा. पैशाला हात लावायचे नाहीत. चहा आणि एक कातरलेली सुपारी. त्यांचा तोरा मात्र असा की आमदारसुद्धा त्यांच्यापुढं डोकं पुढं करूनच उभे राहायचे. माझ्या टकलाकडं बघून ते एकदाच बोलले, "तुमाला न्हाय जमायचा, पीएसाहेब. घसरंल." मी तो विषय पुन्हा काढला नाही.

खरं सांगायचं तर मला ते आवडत नव्हते. माझे दौरे त्यांनी पार नासवले होते. पण वाकलेला खांब सरळ झाला, चारीला पाणी आलं, हेही मला दिसत होतं. तोंड बंद असताना ऐकलेलं साहेबांच्या लक्षात राहायचं. पीळ बसताना जे कानात गेलं ते त्यांना रात्री जेवताना आठवायचं आणि ते मला फोन करायचे, "अरे, त्या म्हशीचं काय झालं?"

एवढं सगळं करून तात्यांचं स्वतःचं काम मात्र होत नव्हतं. त्यांचं घर गावात नव्हतं, समोरच्या माळवस्तीवर होतं. नवा चौपदरी रस्ता झाला आणि वस्ती एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला पडलं. मधे कमरेएवढा सिमेंटचा दुभाजक. शाळा गावात, डेअरी गावात, स्मशानसुद्धा गावाकडं. गाडी वळवायची तर पार पुढच्या वळणापर्यंत जाऊन तेवढंच परत यायचं. खालून भुयारी रस्ता करून द्या, एवढंच वस्तीचं मागणं होतं. साहेबांनी ते पुढं पाठवलं, आणि वरून उत्तर आलं की पाहणी केली असता सदर ठिकाणी कोणी रस्ता ओलांडताना आढळून आले नाही. पाहणी गाडीतून झाली होती, आणि दुपारी.

तात्या हे साहेबांना फेटा बांधताना दोनदा सांगून बसले होते. "आमच्या वस्तीवरचं लगीन झालं साहेब, नवरी ह्या अंगाला, नवरदेव त्या अंगाला. वरात गेली वळणावरनं. बँडवाल्यांचा दम गेला, मुहूर्त टळाया लागला. मग भटजींनी भोंग्यावर मंगलाष्टका म्हनल्या आन् आमी अक्षता रस्त्यावरनं फेकल्या. निम्म्या उसाच्या ट्रॉल्यांवर पडल्या." लोक हसले. साहेबही दातातल्या दातात हसले. तात्या हसले नाहीत. त्यांची नात आरोही दुसरीत होती, आणि ती वस्तीवरच्या पोरांबरोबर रोज दोनदा तो दुभाजक चढून जायची.

तिसऱ्या वेळी साहेब गावात आले ते संध्याकाळी, शाळा सुटायच्या सुमाराला. सोबत रस्त्याच्या खात्याचे एक अधिकारी होते. तात्यांनी नेहमीसारखं टोक दातात दिलं, पीळ द्यायला सुरुवात केली, आणि फेटा निम्म्यावर आला असताना थांबले. एक हात साहेबांच्या डोक्यावर दाबलेला, दुसऱ्यानं कोटाचे खिसे चाचपत म्हणाले, "आरं तिच्या! टाचनी घरीच ऱ्हायली. तिच्याबिगर फेटा ऱ्हायचा न्हाय."

मी म्हटलं, कुणाला तरी पाठवा. तर पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला आणि पेटी उघडायची खुबी त्यांनाच ठाऊक. मग तुम्ही जा. तर हात काढला की फेटा सुटतो. मग सोडा फेटा. हे मी म्हटलं मात्र, सगळं देऊळ माझ्याकडं वळलं. सत्काराचा फेटा निम्म्यातून सोडायचा म्हणजे पाहुण्याचा आणि गावाचा, दोघांचा अपमान. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली.

"मग चला की," तात्या म्हणाले. "घर समोरच तर हाय. साहेब आन् मी संगंच जाऊ."

गाडीत बसता येईना, कारण तात्यांचा हात आणि फेटा मिळून छताला लागत होते. म्हणून गाडी वळणावरून पुढं पाठवली. अधिकारी गाडीत बसले, आणि बंदोबस्ताचे पोलीसही गाडीसोबत गेले, कारण त्यांना गाडी सोडायची नाही अशी ताकीद होती. आणि आम्ही निघालो: पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले खासदार, तोंडात भगव्या कापडाचं टोक, डोक्यावर तात्यांचा हात, मागं मी शाल आणि नारळ सांभाळत. आमच्याबरोबर शाळा सुटलेली वस्तीवरची पोरं.

पहिला निम्मा रस्ता कसाबसा ओलांडला. साहेब दुभाजकावर चढले, मी चढताना माझी पँट फाटली. आणि मग आम्ही सगळे त्या वीतभर सिमेंटवर अडकलो. समोरून गाड्या थांबेचनात. एक टँकर असा अंगावरून गेला की फेट्याचं सुटं कापड वाऱ्यानं आडवं झालं आणि साहेब मागं कलले. बोलता येत नव्हतं म्हणून ते नुसते डोळे मोठे करत होते. तेवढ्यात आरोहीनं त्यांचा हात धरला.

"आता न्हाय," ती म्हणाली. "त्यो ट्रक जाऊ दे. मी म्हनंन तवाच पळायचं. चप्पल निघाली तर माघारी वळायचं न्हाय."

हे तिनं अगदी सहज सांगितलं. इतक्या लहान पोरीला हे कुणी शिकवलं असेल? कुणी नसेल शिकवलं. तिचं तीच शिकली असेल.

ती म्हणाली तेव्हा आम्ही पळालो. तात्यांनी हात सोडला नव्हता. अंगणात पोहोचल्यावर त्यांनी पुन्हा एकदा कोटाच्या खिशात हात घातला आणि टाचणी काढली. "हितंच हुती की," असं म्हणून त्यांनी ती फेट्याला लावली.

साहेबांनी तोंडातलं टोक काढलं. मला वाटलं, आता म्हाताऱ्याची खैर नाही. पण ते ओट्यावर बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मग त्यांनी विचारलं, "पोरं रोज अशीच येतात?"

"रोज," तात्या म्हणाले. "सकाळी धुकं असतंय तवाबी."

त्यानंतर केव्हातरी वळण घेऊन आमची गाडी आली. अधिकारी उतरून म्हणाले, "सर, आमच्या पाहणीत इथं पादचारी..." साहेबांनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "उद्या तुमची मुलं घेऊन या," ते म्हणाले, "आणि त्यांना इथून शाळेत पाठवून दाखवा."

भुयारी रस्ता मंजूर झाला आणि बांधूनही झाला. पण त्याचं उद्घाटन दिल्लीच्या मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं आणि त्यांची तारीख मिळेना. तोवर वापर होऊ नये म्हणून ठेकेदारानं दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. खाली तयार रस्ता, आणि वरून पोरं तशीच दुभाजक चढून शाळेत. तात्या मला दर आठवड्याला फोन करायचे. "पीएसाहेब, पत्र्याला खाली राखन हाय आन् पोरं वरनं सोडल्यात. ह्यो कुठला न्याव?" मी दिल्लीला फोन लावायचो. दिल्ली म्हणायची, पुढच्या महिन्यात.

पुढच्या महिन्यात तात्याच गेले. सकाळी चहा घेता घेता गेले. दुपारी त्यांना उचललं आणि मंडळी रस्त्यापाशी येऊन थांबली. तिरडी दुभाजकावरून न्यायची कशी? कुणीतरी पत्र्यांकडं बघितलं. मग चौघांनी तिरडी खाली ठेवली, बाकीच्यांनी पत्रे उपटले, आणि गेनूतात्या भुयारातून पलीकडं गेले.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला, तो नुसता थयथयाट करत होता. उद्घाटनाआधी प्रेत नेलं, आता मंत्र्यांना तिथून कसं न्यायचं, पत्रे पुन्हा ठोकू का? मी फोन तसाच साहेबांच्या हातात दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अलीकडं ते ऐकून घ्यायला लागले होते. मग म्हणाले, "ठोकू नका. उद्घाटन झालंय."

तिसऱ्या दिवशी सावडायला मी सकाळीच गेलो. घरात रडारड नको म्हणून आरोहीला आईनं शाळेत पाठवलं होतं. पोरं ओरडत, घुमणारा आवाज ऐकत भुयारात शिरली. ती एकटी तोंडाशी थांबली, एकदा उजवीकडं बघितलं, एकदा डावीकडं बघितलं. दोन्ही बाजूंना सिमेंटची भिंत होती. तरी थोडी थांबलीच. मग चालत आत गेली.