ओटिलीआत्या आणि हेरॉन्सचा चषक

हेरॉन्सनी चषक जिंकला त्या वर्षाबद्दल आमच्या गावात कुणालाही विचारा, तो आधी व्हर्जिल टॅकेटचं नाव घेईल आणि मग माझ्या ओटिलीआत्याचं. व्हर्जिल आमच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. तो आत्याकडे राहायचा, तिच्या हातचं खायचा. "पोराच्या खांद्यात जोर आला तो ओटिलीच्या बटाट्यांनी," असं लोक म्हणत. आत्याला ते ऐकवत नसे. ती विषय बदलायची, नाहीतर उठून जायची. लोकांना वाटे, बाई किती विनयी!

आमचं गाव ओहायो नदीच्या काठचं, काचेच्या कारखान्याचं. गावाला अभिमान वाटावा असं एकच काही होतं, ते म्हणजे हेरॉन्सचा संघ, आणि तोही दरवर्षी हरायचा. आत्याचा नवरा एमिलकाका भट्टीवरून सुटला की तडक मैदानावर जायचा. "पुढच्या वर्षी बघ," हे त्याचं पालुपद. ज्या हिवाळ्यात तो गेला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात हेरॉन्स जिंकायला लागले.

आत्याचं घर मैदानाला लागून. माडीवरच्या खोल्या ती खेळाडूंना भाड्याने द्यायची. त्या वर्षी केंटकीच्या डोंगरातून हा व्हर्जिल आला. उंच, लाजाळू, डावखुरा. बाप कोळशाच्या खाणीत मेलेला. पहिला सामना जिंकला त्या रात्री जेवताना त्याने चौथ्यांदा ताट पुढे केलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"लाजतोस काय?" आत्या म्हणाली. "खा. आमचे लोक हरले तरी जेवतात. तू तर जिंकून आलायस."

जुलैपर्यंत गाव वेडं झालं. व्हर्जिलचा चेंडू फलंदाजांना दिसायचाच नाही. एका मोठ्या शहरातल्या क्लबाने त्याला पुढच्या मोसमासाठी बोलावून ठेवलं. कारखान्यात भट्टीजवळ रेडिओ लागले. आणि आत्या, जी एमिलकाकाच्या वेडाला आयुष्यभर नावं ठेवत आली होती, ती त्याची टोपी घालून त्याच्या जागेवर जाऊन बसायला लागली. ओरडून ओरडून तिचा घसा बसायचा. मी शाळेला सुट्टी म्हणून तिच्याकडेच होते. आत्याला इतकं खुशीत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

ऑगस्ट संपता संपता एका सकाळी व्हर्जिल कॉफीचा कप उजव्या हाताने उचलायला लागला. आत्याने पाहिलं आणि कप पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी तो जिन्यात उभा, शर्टाची बटणं उघडी, चेहरा पांढरा.

"मिसेस ब्रांट, एवढी बटणं लावून देता?"

"हात दाखव."

खांदा सुजून तापला होता. आत्याने मीठ भाजलं, फडक्यात बांधलं, शेकायला लागली. तो दात आवळून बसला.

"कुणाला सांगू नका हं. थोडेच सामने राहिलेत. मग हिवाळाभर विश्रांतीच आहे."

"नाही सांगत," आत्या म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी ती त्याचा खांदा शेकायची, बटणं लावायची, त्याच्या ताटातलं मांस बारीक कापून ठेवायची. सामने जिंकणं चालूच होतं.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी संघाचा मॅनेजर गस हॅनरहन आला. टोपी हातात धरून ओसरीवर उभा राहिला. व्हर्जिल बाहेर गेला होता. मी खिडकीत बसून वाटाणे सोलत होते.

"ओटिली, खरं सांग. पोराचा हात ठीक आहे ना? त्याला विचारलं तर तो 'हो'च म्हणणार. दुखत असेल तर मी उद्या दुसऱ्याला उभा करतो. हरू, पण पोरगं तरी वाचेल."

आत्याने पिठाचे हात एप्रनला पुसले. जरा जास्तच वेळ पुसले.

"दोघांचं एकटा खातो, ढाराढूर झोपतो. त्याच्या हाताला काय धाड भरलीये?"

हॅनरहनने सुटकेचा निःश्वास टाकला आणि गेला. आत्या आत आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाटाण्यात किडके येतायत, नीट बघ."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात व्हर्जिल शेवटपर्यंत खेळला. अर्ध्यावरच त्याच्या चेंडूचा वेग गेला होता. मग तो हळू, वळणारे, फसवे चेंडू टाकत राहिला आणि चेहरा कुणाला दिसू नये म्हणून प्रत्येक चेंडूनंतर पाठमोरा वळायचा. आत्या माझा हात घट्ट धरून होती. शेवटचा फलंदाज बाद झाला, कुंपण तोडून लोक आत घुसले. आत्या ढसाढसा रडली. "बघितलंस का एमिल," म्हणत होती. मिरवणुकीत उघड्या गाडीतून व्हर्जिल हात हलवत होता. डावा नव्हे, उजवा. तिने ते पाहिलं आणि रडू एकदम थांबलं.

वसंतात तो मोठ्या क्लबात गेला आणि महिना व्हायच्या आत परत आला. खांद्यातलं काहीतरी कायमचं तुटलं होतं. हात खांद्याच्या वर जाईना. तो गावातच राहिला, शाळेची बस चालवायला लागला, बेकरीतल्या लोरीनशी लग्न केलं. कुणी त्याला बिअरचे पैसे देऊ देत नसे. त्याने कधी तक्रार केली नाही. "हाव मलाच होती," एवढंच म्हणायचा.

हे वाक्य आत्याला बोचायचं. तिने भाडेकरू ठेवणं बंद केलं. मैदानावर पुन्हा पाऊल टाकलं नाही. वारा तिकडचा असला की लोकांचा ओरडा घरात यायचा. मग ती भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायची. दर रविवारी व्हर्जिल आणि लोरीनला जेवायला बोलवायची आणि स्वतः मात्र नुसती वाढत राहायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, त्याला सांगून टाक." ती म्हणाली, "सांगितलं तर तो जेवायला यायचा नाही."

दहा-बारा वर्षांनी गावाने त्या संघाचा सत्कार केला. हॅनरहन तोवर वारला होता. आत्याला व्यासपीठावर बसवलं. व्हर्जिल बोलायला उठला. म्हणाला, "माझी बटणं लावायला, माझ्या ताटातलं मांस कापायला ही बाई होती. माझी आईच म्हणा." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. आत्या मान खाली घालून बसली.

परतताना तो आम्हाला गाडीतून सोडायला निघाला. पुलापाशी आत्या अचानक बोलली.

"व्हर्जिल, हॅनरहन मला विचारायला आला होता. आदल्या दिवशी. तुझा हात कसा आहे म्हणून."

त्याने गाडी कडेला घेतली. "तुम्हाला विचारलं?"

"हो. दुखत असेल तर दुसऱ्याला उभा करतो म्हणाला. मी सांगितलं, धडधाकट आहे."

त्याने इंजिन बंद केलं. मग अगदी सावकाश म्हणाला, "मला तेव्हा अक्कल नव्हती, मिसेस ब्रांट. तुम्हाला होती."

"होती," आत्या म्हणाली.

त्याने आम्हाला दारात सोडलं आणि गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आत्या दर वेळी ताटं मांडायची आणि उचलून ठेवायची. लोरीन एकदा येऊन गेली. "काय बोललात त्याला? घरात तोंड उघडत नाही." आत्याने तिलाही सगळं सांगितलं. लोरीन उठली आणि निघून गेली.

हिवाळ्यात एका रविवारी व्हर्जिल एकटाच ओसरीवर उभा होता.

"खूप विचार केला," तो म्हणाला. "तुम्ही ते एमिलसाठी केलंत ना? बिचारा आयुष्यभर वाट बघत होता."

तिला पळवाट दिली होती त्याने. मला वाटलं, ती 'हो' म्हणेल.

"नाही रे," आत्या म्हणाली. "एमिल मेला होता. त्याला काय कळणार होतं? मलाच जिंकायचं होतं."

 त्याने खांदे उडवल्यासारखं केलं. एकच खांदा हलला.

"मला तुम्हाला 'जाऊ दे' म्हणता येत नाही," तो म्हणाला. "जीभ वळत नाही."

"नको म्हणूस. मी मागत नाही."

"बरं." त्याने बूट पायपुसण्यावर घासले. "पण लोरीनच्या कोबीच्या सूपानं जीव गेला माझा. काय केलंय आज?"

आत्याने त्याला आत घेतलं. वाढताना तिने रस्सा टेबलावर सांडला. व्हर्जिलने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "तुम्हीही बसा की आता." ती बसली. तिने खाल्लं काही नाही, पण जेवण होईतो ती उठली नाही.