उलटे ड्रम

ज्योत्स्ना अमरावतीला सार्वजनिक आरोग्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. महिनाभराच्या कामासाठी तिला अकोल्याकडचं खारपाणपट्ट्यातलं एक गाव मिळालं. बोअरचं पाणी खारट, नळ नऊ दिवसांनी. म्हणून घरोघरी ड्रम भरलेले, अन् ड्रमात डासांच्या अळ्या. गल्लीत डेंग्यूचे चार रोगी.

नळ सोडणाऱ्या मनोजला तिने विचारलं, "उद्या नळ येते ना, दादा?"

"येते म्हंजे येतेच."

तेवढ्यावर तिने त्या गल्लीतल्या बावीस घरांचे ड्रम ओतायला लावले. स्वतः घासले, उन्हात उलटे घातले. त्यातल्याच एका घरची म्हातारी भागीरथाबाई ड्रमाला धरून उभी राहिली.

"निम्मं ठेवू दे वं पोरी. नळाचा भरवसा नाई."

"आजी, निम्मं ठेवलं तं अळ्या बी निम्म्या राहतीन."

म्हातारीने हात काढला.

दुसऱ्या दिवशी नळ आला नाही. जलवाहिनी फुटली होती. दुरुस्तीला चार दिवस, असं मनोज खाली मान घालून सांगून गेला.

"अवो मॅडम," एक बाई दारातूनच ओरडली, "अळ्या तं मेल्या. आता आमाले मारतं का?"

ज्योत्स्नाने दोन कॅन घेतले, कोणाची तरी सायकल मागितली. गोड पाण्याची विहीर अडीच किलोमीटर. एका खेपेत चाळीस लिटर. दुपारपर्यंत चार खेपा झाल्या, तळहात सोलले. चार घरांना एकेक खेप मिळाली, अठरा घरं तशीच होती. कॉलेजातून सरांचा फोन आला.

"किती घरांत अळ्या सापडल्या?"

"एकाही घरात नाही, सर."

"शाब्बास! अहवाल असाच पाहिजे."

फोन ठेवून तिने कॅन पुन्हा सायकलला अडकवले.

पाचवी खेप भागीरथाबाईच्या दारी नेली. ड्रम सरळ उभा होता, अर्धा भरलेला. म्हातारीने नातसुनेला घेऊन शेततळ्यातून पाणी आणलं होतं. ज्योत्स्नाने वाकून पाहिलं. गढूळ पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"ओतू का आता?" भागीरथाबाईने विचारलं. "सांग, तू शिकेल हायस."

ओत म्हणायला ज्योत्स्नाला तोंड नव्हतं, ठेव म्हणायलाही नव्हतं. तिने कॅन खाली ठेवले. ओढणी काढली, चौपदरी केली, रिकाम्या घागरीच्या तोंडावर बांधली.

"आजी, तपेली द्या. हे गाळून उकळा, नुसतं पिऊ नका."

अन् ती तपेली-तपेलीने गाळू लागली. सतरा घरं बाकी होती.