बारा दारांचा बंगला

पुण्याहून निघताना आमच्या मंडळींनी एकच अट घातली. आधी राहण्यासारखं घर पाहून या, मग मी नागपूरला येते; नाहीतर मी आपली माहेरी बरी. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातली तीन मी शिक्षणापायी मुंबईत काढली होती. पुन्हा एकट्यानं राहायची माझी मुळीच तयारी नव्हती.

नागपूरला उतरलो तर सकाळी नऊलाच अंगाची लाही होत होती. कॉलेजचा कारकून दमणी (बैलांची हलकी गाडी) घेऊन आला होता. गणिताच्या प्रोफेसराला राहायला बंगला मिळतो, हे त्यानं वाटेत तीनदा सांगितलं आणि मी तीनदा खूश झालो. बंगल्याला बारा दारं निघाली. मी लगेच घरी पत्र टाकलं; त्यात दारांचा उल्लेख दोनदा केला.

स्वयंपाकघर मात्र अंगणापलीकडे, चाळीस पावलांवर. आधीच्या साहेबाला धूर सोसत नसे. दुपारी स्वयंपाकी गोळाभाताचं (डाळीचे गोळे घातलेला भात) ताट घेऊन निघाला आणि निम्म्या वाटेत घारीनं झडप घालून एक गोळा पळवला.

"रोजचंच हाय जी," तो शांतपणे म्हणाला. "पयला घास तिले द्याच लागते."

उरलेल्या भातात वाऱ्यानं धूळ कालवली होती. भिवापुरी मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं, ते बरंच झालं. रडायला कारण मिळालं.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या कोष्टी (विणकर) वस्तीत एक रिकामं घर पाहायला गेलो. मालकीण सत्तरीची. मुलगा माग सोडून गिरणीत लागल्यावर ती शेजारच्या खोल्यांत राहत होती. उन्हातून आत शिरल्यावर मला काही दिसेना, आणि तिसऱ्या पावलाला मी कमरेइतका जमिनीत गेलो. विणकर पाय सोडून बसतात तो मागाचा खड्डा होता.

"पडलेच तर बसा जी थोडं," म्हातारी म्हणाली. "पायाले थंड लागते."

खरंच लागत होतं. नागपुरात आल्यापासून पहिल्यांदा जीव निवला. काठावर कोपरं टेकली, तर वह्या ठेवायला चहूकडे जागा. इतकं सोयीचं मेज मला मुंबईतही मिळालं नव्हतं. तिनं मग चूल दाखवली, चुलीपासून हाकेवरची विहीर दाखवली. एकट्या माणसाला ती घर देत नसे. मंडळी येईपर्यंत पंधरा दिवस थांबायला मात्र तयार होती.

"खड्डा बुजवू नका," ती म्हणाली. "गिरणीचं काही खरं नाही. पोरगा वापस आला तं बसन कुठी?"

मी 'कळवतो' म्हणालो. घर मनात भरलं होतं, पण अब्रू आडवी आली. प्रिन्सिपॉलसाहेब भेटीला यावेत आणि प्रोफेसर कमरेपर्यंत जमिनीत सापडावेत, हे कसं दिसेल?

पुण्याला परतल्यावर मी सगळं सांगितलं. बंगला आधी, भरपूर मीठमसाला लावून. कोष्टिणीचं घर शेवटी, जमेल तितकं थोडक्यात. मंडळींनी तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, बंगल्यात दुपारचं बोलायला कोण असतं. खोटं कशाला बोलू? घार असते म्हणालो.

"मग असं करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही बंगल्यात राहा. मी त्या आजींकडे बिऱ्हाड करते. तुम्ही जेवायला येत जा."

मला हसू आलं आणि सुटल्यासारखंही झालं. त्याच दुपारी कॉलेजला पत्र लिहिलं: प्रकृतीस बारा दारं मानवत नाहीत, तरी बंगला दुसऱ्या कोणास द्यावा.